देवदत्ताच्या घरावरचा कावळा

न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे असाधारण धर्म: जो त्या वस्तूत सर्वत्र आढळतो आणि तिच्याबाहेर कुठेच आढळत नाही असा गुण. लक्षण चुकते ते तीन प्रकारे. अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'वर स्वतःच लिहिलेल्या 'दीपिके'त यासाठी गाईचे उदाहरण येते. 'गाय म्हणजे कपिला, तांबूस रंगाची' म्हटले तर काळ्या-पांढऱ्या गाई बाहेर पडतात, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी' म्हटले तर म्हशी आणि बोकडही गोठ्यात शिरतात, ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे अखंड खुराची' म्हटले तर गोठा रिकामाच होतो, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. गाईच्या बाबतीत नैयायिकांची सुटका होते. तिच्या मानेखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना, हे निर्दोष लक्षण ठरते. राष्ट्राला मात्र सास्ना नसते.

शोध पुष्कळांनी घेतला. ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सॉर्बॉनमध्ये एर्नेस्त रेनाँ यांनी 'राष्ट्र म्हणजे काय?' या प्रश्नावर व्याख्यान दिले. त्यांची पद्धत जवळजवळ नैयायिकाचीच होती. वंश घ्यावा, तर युरोपातला कोणताही मोठा देश शुद्ध एका वंशाचा नाही. भाषा घ्यावी, तर स्वित्झर्लंड अनेक भाषा बोलूनही एक आणि इंग्लंड-अमेरिका एकच भाषा बोलूनही दोन. धर्म, आर्थिक हितसंबंध, नद्या-डोंगरांच्या सीमा असे सगळे उमेदवार कुठे ना कुठे अडखळतात. शेवटी रेनाँ यांच्या हाती उरल्या त्या सामाईक आठवणी, तितकाच सामाईक विसर आणि एकत्र राहण्याची रोज नव्याने दिली जाणारी संमती. उत्तर उदात्त आहे, पण लक्षण म्हणून तपासले तर त्यालाही अतिव्याप्तीचा दोष लागतो. जुन्या आठवणी आणि रोजची संमती यांच्या बळावर एखादी नाटक कंपनी किंवा चाळीतले गणेशोत्सव मंडळही चालते.

लक्षण हाती लागत नसले तरी वस्तू दाखवण्याची आणखी एक रीत भारतीय दर्शनांना माहीत आहे. देवदत्ताचे घर कोणते, असे एखाद्या वाटसरूने विचारले, तर उत्तर मिळते: तो कावळा बसला आहे ना, ते. कावळा हा घराचा भाग नव्हे. देवदत्ताने तो पाळलेला नाही, आणि क्षणभरात उडून तो शेजारच्या कौलांवर बसेल. तरीही वाटसरूला घर सापडते. अशा खुणेला उपलक्षण म्हणतात. वेदान्ती त्याच कामासाठी तटस्थ लक्षण हा शब्द वापरतात. राष्ट्राच्या ओळखीबाबत विनोद जे काम करतो ते या कावळ्याचे आहे. तो घराचे वर्णन करत नाही, आपण घराचे वर्णन करतो असा दावाही करत नाही, म्हणून त्याला लक्षणाचे तिन्ही दोष लागू पडत नाहीत. घोटाळा होतो तो लोक कावळ्यालाच घर समजू लागतात तेव्हा.

हे पाहायला कॅनडाइतका सोयीचा देश क्वचित सापडेल. तो क्रांतीतून जन्मला नाही. १ जुलै १८६७ रोजी ब्रिटिश संसदेच्या एका कायद्याने तो अस्तित्वात आला. स्वतंत्र कॅनेडियन नागरिकत्व कायद्यात आले ते १ जानेवारी १९४७ पासून, मेपलच्या पानाचा ध्वज फडकला १५ फेब्रुवारी १९६५ रोजी आणि स्वतःची राज्यघटना लंडनला न विचारता बदलण्याचा अधिकार मिळाला १९८२ मध्ये. राष्ट्रगीताची चाल आणि फ्रेंच शब्द १८८० चे. ते मुळात फ्रेंच कॅनेडियन लोकांच्या सणासाठी रचलेले गीत होते. आज गायले जाणारे इंग्रजी शब्द ज्यावरून आले ते १९०८ मध्ये लिहिले गेले आणि ते मुळाचा अनुवाद नाहीत. एकाच चालीवर देशाचे दोन भाग दोन वेगळ्या गोष्टी गातात. २०२१ च्या जनगणनेत दर शंभरांतले सुमारे २३ रहिवासी बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते. इतक्या सामग्रीतून सास्ना शोधणे कठीणच.

१९७२ मध्ये सीबीसी या सरकारी नभोवाणीवर पीटर ग्झोव्स्की यांनी आपल्या सकाळच्या कार्यक्रमात श्रोत्यांसाठी एक स्पर्धा ठेवली. 'अ‍ॅपल पाय'इतका अमेरिकन, अशी एक उपमा अमेरिकेत रूढ आहे. तिच्या तोडीची कॅनेडियन उपमा सुचवायची होती. बीव्हर, हॉकी, बर्फ यांपैकी काहीतरी जिंकेल असे वाटणे स्वाभाविक होते. जिंकली ती एका तरुण मुलीने पाठवलेली ओळ, आणि तिचा आशय असा: परिस्थितीत जमेल तितका कॅनेडियन.

ही ओळ हसवते कशी? उपमेचा साचा ऐकणाऱ्याला एका वस्तूची आशा लावतो आणि ऐन वेळी वस्तूच्या जागी एक सबब पुढे करतो. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू येते, ही कान्टची १७९० मधली उपपत्ती इथे तंतोतंत बसते. पण इथल्या शून्याला एक आकार आहे. सबब सांगणे, तडजोड करणे, मोठा दावा करताना अवघडणे हा स्वभाव त्या सबबीतच दिसतो. कॅनेडियन माणूस कसा असतो हे ती ओळ सांगत नाही, ती कॅनेडियन माणसासारखी वागून दाखवते. लक्षण म्हणून ती साफ नापास आहे, कारण परिस्थितीत जमेल तितका बेल्जियन किंवा जमेल तितका गोवेकरही असू शकतो. कावळा म्हणून मात्र ती अचूक बसली, आणि पन्नास वर्षांनंतरही कॅनडावरच्या गंभीर ग्रंथांत तिचा हवाला दिला जातो. (सॉरी म्हणण्याची कॅनेडियन सवय हाही असाच एक विनोद. ऑन्टारिओ प्रांताने २००९ मध्ये कायदाच केला की, माफी मागणे म्हणजे न्यायालयात दोष कबूल करणे नव्हे. कायद्यामागची कारणे वेगळी होती, पण देशभर हसू पिकायचे ते पिकलेच.)

सरकारला मात्र कावळ्यावर भागत नाही. कायद्याला लक्षणच लागते. १९७१ पासून कॅनडातल्या नभोवाणी केंद्रांवर ठरावीक प्रमाणात कॅनेडियन संगीत वाजवण्याचे बंधन आले. सुरुवातीला ते ३० टक्के होते. मग कॅनेडियन गाणे कोणते हे ठरवणे भाग पडले. संगीत, कलाकार, सादरीकरण आणि शब्द अशा चार कसोट्या झाल्या, त्यांपैकी दोन पुऱ्या व्हाव्यात असा नियम झाला. १९९१ मध्ये ब्रायन अ‍ॅडम्स यांचा नवा अल्बम जगभर गाजत होता. अ‍ॅडम्स कॅनेडियन, त्यांची कीर्ती कॅनेडियन. पण गाण्यांचे शब्द आणि चाली परदेशी निर्माते मट लँग यांच्यासोबत रचल्या होत्या. दोन्ही कसोट्यांत अर्धे-अर्धे गुण, आणि अर्ध्या गुणाची सोय नियमात नव्हती. कॅनडाचा त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला गायक कॅनडाच्या कायद्याने अकॅनेडियन ठरला. अव्याप्तीचे इतके स्वच्छ उदाहरण अन्नंभट्टालाही सुचले नसते. ओरड झाली आणि नियम दुरुस्त करण्यात आला.

दूरचित्रवाणीवर याच आग्रहातून उलटा प्रकार घडला. १९८० मध्ये 'एससीटीव्ही' या विनोदी कार्यक्रमाचे कॅनडातले भाग अमेरिकेतल्या भागांपेक्षा दोन मिनिटे मोठे असत, कारण कॅनडात जाहिराती कमी. त्या दोन मिनिटांत काहीतरी ठळकपणे कॅनेडियन दाखवा, अशी सीबीसीची मागणी आली. रिक मोरानिस आणि डेव्ह थॉमस यांना ती हास्यास्पद वाटली. एका अस्सल कॅनेडियन कार्यक्रमात काम करणाऱ्या कॅनेडियन कलाकारांना आणखी कॅनेडियन व्हायला सांगितले जात होते! चिडून त्यांनी बॉब आणि डग मॅकेन्झी ही भावांची जोडी उभी केली: लोकरी टोप्या, जाड चौकटीचे शर्ट, हातात बिअर, प्रत्येक वाक्याला शेपटीसारखा जोडलेला 'ए', आणि मागे कॅनडाचा नकाशा. अधिकाऱ्यांना वाकुल्या दाखवण्यासाठी केलेला हा दोन मिनिटांचा चाळा देशाला इतका आवडला की, १९८१ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९८३ मध्ये चित्रपट. व्याख्येच्या मागणीची टर उडवायला काढलेले चित्रच व्याख्या म्हणून भिंतीवर लागले. कावळ्याचे घर होते ते असे.

कॅनेडियन विनोदाचा दुसरा मोठा आधार नकार आहे: आपण अमेरिकन नाही. बौद्ध तार्किक दिङ्नागाचा अपोहवाद इथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या मते 'गाय' हा शब्द गोत्व नावाचे काही सत् तत्त्व दाखवत नाही. जे गाय नाही ते तो वगळतो, इतकेच. २००० मध्ये मोल्सन या बिअरची एक जाहिरात आली. तीत जो नावाचा साधासा तरुण रंगमंचावर येऊन आपण कोण नाही ते सांगू लागतो: लाकूडतोड्या नाही, इग्लूत राहत नाही, कुत्र्यांची घसरगाडी बाळगत नाही. आवाज चढत जातो आणि शेवटी तो कॅनेडियन असल्याची घोषणा होते. तेव्हा लोक अभिमानाने उठून उभे राहत. अपोहाची इतकी लोकप्रिय जाहिरात दुसरी नसेल. पुढे २००५ मध्ये मोल्सन कंपनीचे कूर्स या अमेरिकन कंपनीशी विलीनीकरण झाले, हा विनोद मात्र कोणी लिहिलेला नव्हता.

याच नकाराचा दुसरा खेळ कॅनेडियन विनोदी कलाकार रिक मर्सर खेळले. ते अमेरिकेतल्या रस्त्यांवर आणि विद्यापीठांत जाऊन लोकांना कॅनडाबद्दल धादांत खोट्या गोष्टी सांगत आणि गंभीर प्रतिक्रिया मिळवत. अर्कान्सासच्या राज्यपालांनी कॅनडाचा 'राष्ट्रीय इग्लू' वितळण्यापासून वाचवल्याबद्दल कॅमेऱ्यासमोर अभिनंदन केले. फेब्रुवारी २००० मध्ये मिशिगनमध्ये प्रचाराला आलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना मर्सर यांनी सांगितले की, पंतप्रधान ज्याँ पुटीन यांनी तुम्हाला पाठिंबा दिला आहे. पंतप्रधानांचे नाव ज्याँ क्रेतियाँ होते. पुटीन हा बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि ग्रेव्ही घातलेला क्युबेकचा पदार्थ. बुश यांनी चूक न दाखवता आभार मानले. २००१ मध्ये दाखवलेला अशा मुलाखतींचा विशेष कार्यक्रम सुमारे २७ लाख लोकांनी पाहिला.

अपोहवादावर कुमारिल भट्टाचा आक्षेप प्रसिद्ध आहे. 'अगाय' काय हे कळायला आधी गाय माहीत हवी, म्हणजे हा अन्योन्याश्रय झाला. मर्सर यांच्या विनोदालाही हा आक्षेप लागू पडतो. अमेरिकन माणसाला कॅनडा ठाऊक नाही, एवढ्यावर तो उभा आहे. त्याने उद्या शेजाऱ्याचा भूगोल नीट वाचला तर ओळखीचा हा खांब ढासळेल. स्वतःचे घर दाखवण्यासाठी सतत शेजाऱ्याच्या घराकडे बोट करावे लागते ही या विनोदाची खरी लाचारी आहे, आणि त्यावर टीका करणारे कॅनेडियनही कमी नाहीत. बुश यांनी मात्र या प्रकरणाचा शेवट चांगला केला. डिसेंबर २००४ मध्ये ते हॅलिफॅक्सला आले तेव्हा त्यांनी त्या ज्याँ पुटीनचा उल्लेख स्वतःहून करून सभागृहाला हसवले. शेजाऱ्यालाही कावळा दिसला.

विनोदात हसणारे कोण आणि हसले जाणारे कोण, हा प्रश्न आतापर्यंत बाजूला राहिला. हसण्याच्या मुळाशी दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ असल्याची अचानक झालेली जाणीव असते, असे सतराव्या शतकात हॉब्ज यांनी मांडले. राष्ट्रीय विनोदाचा मोठा भाग या उपपत्तीला साक्ष देतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी देशोदेशीच्या मूर्खकथांचा तौलनिक अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे की, केंद्रातले लोक काठावरच्या, आपल्यासारख्याच पण थोड्या वेगळ्या लोकांना मूर्ख ठरवतात: इंग्रज आयरिशांना, फ्रेंच बेल्जियनांना, अमेरिकन पोलिश वंशाच्या लोकांना. भारतातले सरदारजींचे विनोद याच जातकुळीचे. ते थांबवावेत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि नागरिकांसाठी नैतिक नियमावली घालून देता येणार नाही, असे न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. कॅनडात ही जागा न्यूफाउंडलंडच्या माणसाला मिळाली. ते बेट कॅनडात सामील झाले ते उशिरा, ३१ मार्च १९४९ रोजी, आणि कामासाठी टोरंटोत आलेल्या तिथल्या कोळी-मजुरांवर किश्शांचे पेव फुटले. त्या किश्शांतून कॅनडा कळत नाही. देशाचे मधले अंगण कोणते आणि उंबरठा कुठे, हे कळते.

इतिहासाने मात्र इथे जरा गंमत केली. १९९३ मध्ये सीबीसीवर 'धिस अवर हॅज ट्वेंटी-टू मिनिट्स' हा बातम्यांची टर उडवणारा कार्यक्रम सुरू झाला. मेरी वॉल्श, कॅथी जोन्स, ग्रेग थोमी आणि रिक मर्सर हे त्याचे चारही मूळ कलाकार न्यूफाउंडलंडचे. ज्यांच्यावर देश हसत होता ते देशाला स्वतःवर हसायला शिकवू लागले, आणि अमेरिकनांना राष्ट्रीय इग्लूची कथा सांगणारा आवाज त्या बेटाचाच होता.

क्युबेकमध्ये 'राष्ट्रीय' या शब्दाचाच अर्थ बदलतो. प्रांताच्या विधिमंडळाला १९६८ पासून राष्ट्रीय सभा म्हणतात. १९८८ मध्ये माँट्रियलला विनोद शिकवणारी शाळा निघाली, तिचे नाव राष्ट्रीय विनोद विद्यालय. यातले राष्ट्र कॅनडा नव्हे. १९९५ मध्ये वेगळे होण्यावर सार्वमत झाले आणि ५०.५८ टक्के लोकांनी नकार दिला. हा निकाल ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने विनोदी कलाकार इव्हाँ देशाँ यांचा जुना विनोद ऐकावा. क्युबेकच्या माणसाला नेमके काय हवे, तर बलवान कॅनडामध्ये स्वतंत्र क्युबेक. घटनापंडितांनी सार्वभौमत्व, सहभागित्व, वेगळा समाज अशा संज्ञा लढवून जे सांगितले ते सारे या विसंगतीत मावते. तर्काच्या दृष्टीने हा वदतो व्याघात आहे. भावनेच्या दृष्टीने ते जवळजवळ अचूक मोजमाप आहे. व्याख्येला विसंगती परवडत नाही. विनोदाचे भांडवलच ते.

सर्वांत कठोर परीक्षा होते ती मूळ रहिवाशांकडून. कॅनडात त्यांचे सहाशेहून अधिक समाज 'फर्स्ट नेशन्स' म्हणवतात, म्हणजे राष्ट्र कशाला म्हणावे या वादात त्यांचा क्रमांक पहिला. १८७६ च्या 'इंडियन अ‍ॅक्ट'मध्ये इंडियन कोण हे सरकारने ठरवले. पुढे १९८५ पर्यंत नियम असा होता की, नोंद असलेल्या इंडियन स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की, तिचे इंडियनपण संपे. इंडियन पुरुषाशी लग्न केलेली गोरी स्त्री मात्र कायद्याने इंडियन होई. एकाच कलमात अव्याप्ती आणि अतिव्याप्ती! याची किंमत हजारो स्त्रियांनी आणि त्यांच्या मुलांनी घरे व हक्क गमावून मोजली. या समाजांतला विनोद म्हणूनच अनेकदा कागदपत्रांवर, शिक्क्यांवर, अधिकाऱ्यांच्या गणितावर असतो. ओजिब्वे लेखक ड्रू हेडन टेलर यांनी २००५ मध्ये या विनोदावरच्या लेखांचे एक पुस्तक संपादित केले. बाहेरून लादलेल्या ओळखीखाली माणसे शाबूत राहिली त्यात हसण्याचा वाटा मोठा होता, हे त्यातून दिसते. 'इंडियन' हे नावही मुळात कोलंबसाच्या भौगोलिक चुकीतून आलेले. टोरंटोजवळ घर घेतलेल्या मराठी माणसाला मी इंडियन आहे असे सांगितल्यावर कोणता इंडियन हे पुन्हा स्पष्ट करावे लागते, तेव्हा त्या जुन्या चुकीचे व्याज तोही फेडत असतो.

आता स्वतःवर हसण्याकडे यावे लागते, कारण हॉब्ज यांची उपपत्ती तिथे थिटी पडते. फ्रॉइड यांनी १९०५ मधल्या विनोदावरील ग्रंथात ज्यू लोकांच्या आत्मोपहासाचा विचार केला आणि स्वतःच्या दोषांची इतकी थट्टा करणारा दुसरा समाज असेल का अशी शंका व्यक्त केली. अशा थट्टेत कोण वरचढ? एक उत्तर असे की, कालचा मी आणि आजचा मी यांत आजचा वरचढ. पण ते पुरेसे नाही. बेर्गसाँ यांच्या १९०० मधल्या 'हास्य' या निबंधातले निरीक्षण अधिक उपयोगी पडते: हसायला कळप लागतो. ते एक किस्सा देतात. चर्चमधल्या प्रवचनाने सगळे रडत होते, एकजण कोरडा बसला होता. कारण विचारले तर म्हणाला, मी या पॅरिशचा नाही. बेर्गसाँ म्हणतात, रडण्याबद्दल त्या माणसाला जे वाटले ते हसण्याबद्दल अधिक खरे आहे. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हर्झफेल्ड यांनी याच जागेला १९९७ मध्ये 'सांस्कृतिक जवळीक' असे नाव दिले. ज्या गोष्टींची बाहेरच्यांसमोर लाज वाटते त्याच गोष्टी आतल्यांना एकमेकांची खात्री पटवतात. राष्ट्रगीत परक्यासमोरही गाता येते. घरातली थट्टा परक्याने केली की, भांडण होते.

कॅनडाच्या बाबतीत स्वतःवर हसण्याचे हे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते स्टीफन लीकॉक यांनी. १८६९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले लीकॉक सहा वर्षांचे असताना कॅनडात आले, मॅकगिल विद्यापीठात राज्यशास्त्र-अर्थशास्त्र शिकवले आणि १९१२ मध्ये मॅरिपोसा नावाच्या काल्पनिक गावाच्या कथा प्रसिद्ध केल्या. त्यातली आगबोट बुडते ती सहा फुटांहून उथळ तळ्यात. वाचवायला निघालेली होडीच आधी बुडू लागते आणि बुडणाऱ्या आगबोटीवरचे लोक बचाव पथकाला वर ओढून घेतात. स्वतः लीकॉक ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. कॅनेडियन म्हणजे काय या प्रश्नाचे त्यांचे गंभीर उत्तर आज कोणी मान्य करणार नाही. त्यांची बुडती बोट मात्र तशीच तरंगते आहे. त्यांच्या नावाचे विनोदाचे पदक १९४७ पासून दिले जाते. नागरिकत्वाचा कायदा अमलात आला तेच ते वर्ष.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. लीकॉक यांचे समकालीन श्रीपाद कृष्ण कोल्हटकर मराठी विनोदाचे जनक मानले जातात, आणि सर्वांच्या ओठी असलेले महाराष्ट्रगीतही त्यांनीच लिहिले. एकाच लेखणीने महाराष्ट्राचा गौरव गायला आणि 'सुदाम्याचे पोहे' मध्ये सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या त्रिकुटाच्या हातून त्याच महाराष्ट्राच्या सणावारांचे आणि रूढींचे वाभाडे काढले. गीतातला महाराष्ट्र सभेत उभा राहून ऐकायचा असतो, पोह्यांतला घरी बसून. दोन्हींतला खरा कोणता, हे कोल्हटकरांनी सांगितले नाही. पुढे पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर होण्याचे धडे देणारा लेख लिहिला. त्याचे सारे बळ 'होण्या'त आहे. हंगेरीत जन्मून लंडनला स्थायिक झालेले जॉर्ज मिकेश यांनी १९४६ मध्ये इंग्रजांबाबत हीच युक्ती वापरली होती, परक्याने काय करावे याच्या सूचना देण्याची. ओळख धड्यांनी शिकता येत असेल तर ती रक्तात नाही, आणि धडे वाचून हसू येते त्या अर्थी ती धड्यांनी येतही नाही. तत्त्वज्ञांनी जन्मजात की संपादित अशा दोन बाकांवर बसवलेला हा प्रश्न या लेखनप्रकारात दोन्ही बाकांच्या मध्ये उभा राहतो.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला एक्कावन्नावे राज्य म्हणू लागले आणि आयात शुल्काच्या धमक्या देऊ लागले, तेव्हा कॅनडातल्या या जुन्या प्रश्नाला एकाएकी धार आली. घोषणा सापडली ती हॉकीच्या मैदानातून, कोपरे वर करा अशी. आणि तिला चालना दिली एका विनोदी नटाने, माइक मायर्स यांनी, १ मार्चला न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या मंचावरून. मायर्स अनेक दशके अमेरिकेत राहिलेले. काही आठवड्यांनी निवडणूक प्रचाराच्या एका चित्रफितीत पंतप्रधान मार्क कार्नी बर्फाच्या मैदानाकाठी त्यांची चाचणी घेताना दिसले. मायर्स राहतात अमेरिकेत, मग कॅनेडियनपण अजून शिल्लक आहे का, ते तपासायचे होते. सस्कॅचवानची राजधानी विचारली गेली. हॉकीत दोघे चाल करून येत असताना एकट्या बचावपटूने काय करावे, हे विचारले गेले. आणि 'मिस्टर ड्रेसअप' या लहान मुलांच्या कार्यक्रमातल्या दोन बाहुल्यांची नावे. मायर्स यांना सगळे आले. बाहुल्या केसी आणि फिनेगन.

नागरिकत्वाच्या अधिकृत परीक्षेत वीस प्रश्न असतात आणि पंधरा बरोबर यावे लागतात. त्यासाठी सरकारची पुस्तिका पाठ करता येते. बाहुल्यांचा प्रश्न त्या पुस्तिकेच्या बाहेरचा. 'मिस्टर ड्रेसअप' १९६७ ते १९९६ या काळात चालला, म्हणून त्यानंतर कॅनडात जन्मलेली किंवा आलेली लाखो मुले त्या चाचणीत नापास होतील. मूळ क्युबेकची, फ्रेंच कार्यक्रम पाहत वाढलेली माणसेही बहुधा होतील. जवळजवळ तीस वर्षे ती भूमिका करणारे अर्नी कूम्स हे स्वतः अमेरिकेत मेन राज्यातल्या लुइस्टन गावी जन्मले होते. १९६३ मध्ये ते कामासाठी टोरंटोला आले, आणि कॅनडाचे नागरिकत्व त्यांनी घेतले ते १९९४ मध्ये, कार्यक्रम बंद होण्याच्या दोन वर्षे आधी.